मंद्रूपच्या गवंड्याला लवाद कोणता?

बांधकामाच्या धंद्याला शिस्त लावल्याचा डंका महाराष्ट्रात गेली काही वर्षे मोठ्या आवाजात पिटला जात आहे. स्थावर संपदा अधिनियम २०१६ साली संसदेने संमत केला, ८ मार्च २०१७ रोजी महाराष्ट्रात ‘महारेरा’ हे प्राधिकरण अस्तित्वात आले आणि सदनिका घेणाऱ्या मध्यमवर्गीयाला प्रथमच थोडाफार वाली मिळाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या डंक्याच्या आवाजात एक साधा प्रश्न बुडून गेला आहे. ज्या देशात बहुसंख्य माणसे बिल्डरकडून घर विकत घेत नाहीत, तर स्वतःच्या जागेवर गवंडी लावून बांधून घेतात, त्या देशात घर बांधणाऱ्या आणि बांधून घेणाऱ्या या दोन गरिबांमधला तंटा सोडवायचा कोणी?

या प्रश्नाचे उत्तर मुंबईत मिळणार नाही. त्यासाठी सोलापूर–विजयपूर मार्गावरील मंद्रूपसारख्या गावाकडे पाहावे लागेल. दक्षिण सोलापूर तालुक्यातील हे मोठे बाजाराचे गाव. तालुक्याचे मुख्य ठाणे सोलापूर शहरात, म्हणून लोकांच्या सोयीसाठी मंद्रूपला अप्पर तहसील कार्यालय आहे, पोलीस ठाणे आहे. आसपासच्या गावांत मराठीइतकीच कन्नडही घराघरांत बोलली जाते. भीमा आणि सीना या दोन नद्यांमधला हा मुलूख काळ्या जमिनीचा. पूर्वी येथे दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद अशी घरे असत. आज जुने माळवद पाडून तेथे चार खोल्यांवर स्लॅब टाकणे हे प्रत्येक कुटुंबाचे स्वप्न झाले आहे. उसाचे बिल आले, मुलीचे लग्न लांबले, घरकुलाचा पहिला हप्ता जमा झाला, की गवंडी शोधला जातो. एवढ्या तेवढ्यावर बोली ठरते, उचल दिली जाते आणि नारळ फुटतो. कागद मात्र होत नाही.

तंटा नेमका कशाचा?

तंटा येथूनच सुरू होतो, आणि तो दोन माणसांच्या स्वभावातून उद्भवत नाही. त्याला भौतिक कारणे आहेत. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया त्या मातीतून खाली कठीण मुरुमापर्यंत गेला नाही, तर दोन-तीन हंगामांत भिंतीला तिरकी चीर पडल्याशिवाय राहत नाही. मालक म्हणतो, गवंड्याने सिमेंट कमी घातले. गवंडी म्हणतो, खोल खणू या म्हटले तेव्हा मालकानेच खर्च नको म्हणून हात आखडता घेतला. स्लॅब गळू लागला, तर सेंट्रिंग लवकर काढले की स्लॅबवर पाणी मारले नाही, हा वाद. पाणी मारण्याचे काम मालकाच्या घरच्यांचे, की गवंड्याच्या बिगाऱ्याचे? टँकरच्या भरवशावर जगणाऱ्या गावात ऐन उन्हाळ्यात स्लॅबवर किती पाणी मारले गेले असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. परंतु दोष कोणाच्या माथी मारायचा, हे ठरवायला स्थापत्यशास्त्र जाणणारा माणूस हवा. तो माणूस कायद्याने कोठेही उभा केलेला नाही.

दुसरे कारण थेट सरकारी तिजोरीत आहे. २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण घरकुल योजनेत सपाट प्रदेशातील कुटुंबाला २५ चौरस मीटरच्या घरासाठी १ लाख २० हजार रुपये ठरविण्यात आले. ही रक्कम एकरकमी हाती पडत नाही. जोते झाले, छायाचित्र चढले, मग हप्ता. भिंती वर आल्या, पुन्हा छायाचित्र, पुन्हा हप्ता. हप्ता अडला की गवंड्याची मजुरी अडते, मजुरी अडली की तो दुसऱ्या कामावर जातो, आणि अर्धवट भिंतींकडे पाहत मालक त्याला लबाड ठरवितो. हप्ता अडविणारे कार्यालय या भांडणात कोठेच दिसत नाही. ज्याने तंटा निर्माण केला तोच नामानिराळा राहतो आणि दोन दरिद्री माणसे एकमेकांच्या उरावर बसतात. शोषणाचे हे तंत्र नवे नाही, फक्त आता त्याला संगणकाचे रूप आले आहे.

महारेरा कोणाचा?

अशा वेळी महारेराकडे जावे, असे कोणी सुचवील. पण महारेराचा कायदा मुळात विक्रीसाठी होणाऱ्या बांधकामाचा कायदा आहे. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरच्या आत आहे, किंवा ज्यात आठपेक्षा अधिक सदनिका नाहीत, त्याला नोंदणीचीही सक्ती नाही. स्वतःच्या जागेवर स्वतःसाठी बांधलेले घर तर या कायद्याच्या खिजगणतीतच नाही. ग्राहकाकडून घेतलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी, बांधणीतील मूलभूत दोष पाच वर्षांपर्यंत बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करावा, ताबा लांबल्यास व्याजासह पैसे परत करावेत, या तरतुदी चांगल्याच आहेत. परंतु त्या सत्तर टक्क्यांतून ज्याच्या घामाची किंमत चुकती व्हावयाची, त्या कामगाराची थकलेली मजुरी हा त्या कायद्याचा विषयच नाही. इमारतीला नोंदणी क्रमांक मिळाला. ती उभारणारा माणूस मात्र अनोंदणीकृतच राहिला.

शिवाय ज्यांच्यासाठी हा कायदा आहे, त्यांनाही त्याचे फळ सुखासुखी मिळत नाही. प्राधिकरणाने वसुलीचा आदेश दिला, की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, आणि तेथून ते तहसीलदाराच्या टेबलावर येते. म्हणजे मुंबईतल्या प्राधिकरणाच्या न्यायाची धार अखेरीस महसूल खात्याच्या सवडीवर अवलंबून राहते. तरीही सदनिकाधारकाच्या हाती निदान आदेशाचा कागद असतो. मंद्रूपच्या गवंड्याकडे तोही नाही.

ग्राहक आयोगाचा मार्ग आहे, असे दुसरा कोणी म्हणेल. १९९३ च्या दुरुस्तीने गृहबांधणी ही ‘सेवा’ ठरली आणि त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी गृहनिर्माण संस्थांनाही या कायद्याच्या कक्षेत आणले. २०१९ च्या नव्या कायद्यानेही ही तरतूद कायम ठेवली. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, हेही खरे. परंतु हा रस्ता एकेरी आहे. घरमालक ग्राहक म्हणून सोलापूरला जाऊन तक्रार करू शकतो. गवंडी हा सेवा देणारा. त्याची मजुरी बुडाली तर तो ग्राहक नव्हे. मग त्याने कामगार खात्याकडे जावे काय? तेथे त्याला विचारले जाते, की तू कामगार की ठेकेदार? चौरस फुटाच्या दराने काम अंगावर घेतलेला, चार बिगारी हाताशी धरलेला, स्वतः थापी चालविणारा हा माणूस मालकासमोर कामगार असतो आणि कायद्यासमोर ठेकेदार ठरतो. त्याच्या हाताखाली घमेली वाहणाऱ्या बाईचा तर या साऱ्या व्यवहारात उल्लेखही नसतो. तिची मजुरी गवंड्याच्या मजुरीवर, गवंड्याची मालकाच्या हप्त्यावर आणि मालकाचा हप्ता दूरच्या कुठल्या तरी संगणकावर लटकलेला असतो.

राहिले दिवाणी न्यायालय. केलेल्या कामाच्या मोबदल्याचा दावा तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. वीस-तीस हजारांच्या बाकीसाठी वकील लावून, रोज बुडवून, वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या सोलापूरला तारखांवर तारखा घालणारा गवंडी कोणी पाहिला आहे काय? हे दार उघडे आहे असे म्हणणे म्हणजे पंचतारांकित हॉटेलचे दार गरिबासाठी उघडे आहे, असे म्हणण्यासारखेच आहे.

मोठ्यांच्या भांडणांना मोठे पंच

याच मुलखात दुसरे चित्रही आहे. मंद्रूपच्या अंगाने विजयपूरकडे राष्ट्रीय महामार्ग जातो. याच तालुक्यात आहेरवाडी–फताटेवाडीच्या शिवारात १३२० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प उभा राहिला. अशा कामांचे करार शेकडो पानांचे असतात. त्यांत वाद उद्भवल्यास आधी अभियंत्याने काय करावे, मग सलोख्याची बोलणी कोणी करावीत, त्यानंतर लवाद कसा नेमावा, याची कलमवार तजवीज असते. १९९६ चा लवाद व सलोखा कायदा त्यांच्या दिमतीला आहे. निवृत्त न्यायमूर्ती आणि नामांकित अभियंते त्यांचे पंच होतात. दिल्लीच्या विमानतळ मेट्रोच्या बांधकामावरून झालेल्या वादात लवादाने २०१७ साली निवाडा दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो २०२४ साली अखेर उलटविला. हजारो कोटींच्या त्या भांडणासाठी देशातील सारी न्याययंत्रणा सात वर्षे राबली. कंत्राटदार कंपन्यांच्या तंट्याला एवढा मान आहे. कारण तेथे भांडवल भांडत असते. श्रम भांडू लागला, की त्याला ‘गावात मिटवून घ्या’ असे सांगितले जाते.

‘गावात मिटवून घ्या’ याचा अर्थ काय होतो, हे गावात राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तंटे गावातच, सामोपचाराने मिटावेत ही कल्पना स्तुत्य होती आणि अनेक गावांनी तीतून काही कमावलेही. परंतु त्या समितीला निवाडा लादण्याचा अधिकार नाही आणि भिंतीची चीर पायामुळे पडली की विटांमुळे, हे पारखण्याची विद्याही नाही. मग निवाडा कशावर होतो? जो जमीनदार, ज्याची भावकी मोठी, ज्याचा नातलग समितीत, त्याची भिंत चांगली नसली तरी बाजू चांगली ठरते. गवंडी बहुधा भूमिहीन, पुष्कळदा वडार वा अन्य वंचित समाजातला, नाहीतर सीमेपलीकडून कामाला आलेला. त्याने पंचांपुढे फार बोलू नये अशीच गावाची रीत असते. उलट मालक एखादी विधवा किंवा घरकुलाची दलित लाभार्थी असेल आणि ठेकेदार पुढाऱ्याच्या आतल्या गोटातला असेल, तर पारडे दुसरीकडे झुकते. दोन्ही प्रसंगी न्याय होत नाही. ज्याचे वजन अधिक त्याचा हुकूम चालतो, आणि त्यालाच सामोपचार हे गोंडस नाव मिळते.

भांडी मिळाली, न्याय नाही

कामगारांसाठी काही झालेच नाही, असेही कोणी म्हणू नये. बांधकाम कामगारांचे दोन केंद्रीय कायदे १९९६ साली झाले, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसला आणि राज्याराज्यांतून कल्याणकारी मंडळे निघाली. ती कशी चालली? सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ च्या निकालपत्रातच त्याचा पाढा वाचला आहे: देशभरात ३७,४०० कोटींहून अधिक रुपये गोळा झाले आणि खर्च झाले अवघे ९,५०० कोटींच्या आसपास. कामगारांच्या नावाने जमविलेला पैसा कामगारांपर्यंत न पोहोचविण्याचा हा पराक्रमच म्हणावयाचा. महाराष्ट्रात पुढे गृहोपयोगी वस्तूंच्या संचांचे वाटप गाजावाजाने झाले. ज्या बाईने आयुष्यभर घमेली वाहिली तिच्या घरात चार भांडी गेली, याचे दुःख कोणाला होणार नाही. परंतु तिची बुडालेली मजुरी वसूल करून देण्याची जबाबदारी त्या मंडळाने घेतली नाही. कल्याण दान म्हणून वाटता येते. न्याय दिला तर हक्क मान्य करावा लागतो. प्रस्थापितांना पहिले परवडते, दुसरे परवडत नाही.

आता तर तोही आधार आकसत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू करण्यात आल्या आणि १९९६ चे ते कायदे त्यांत विलीन झाले. जुन्या कायद्यात स्वतःच्या राहत्या घराच्या बांधकामाला दहा लाख रुपये खर्चापर्यंत सूट होती. सामाजिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा पन्नास लाखांवर नेली. शिवाय दहाहून कमी कामगार असलेले काम व्याख्येतूनच वगळलेले आहे, आणि उपकराचे मूल्यांकन मालकाने स्वतःच करावयाचे आहे. मंद्रूपमध्ये पन्नास लाखांचे घर किती जण बांधतात? एका वेळी दहा कामगार किती घरांवर राबतात? म्हणजे गावातील जवळजवळ प्रत्येक बांधकाम या व्याख्येबाहेर गेले. गरीब घरमालकावर उपकराचा बोजा पडू नये, ही गोष्ट योग्यच आहे. परंतु मालकाला सूट देण्यासाठी कामगाराचे काम ‘काम’ म्हणून मोजायचेच नाही, ही कोणती नीती? सूट द्यावयाची तर तिची भरपाई सरकारने करावी. ती कामगाराच्या ताटातून कापून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.

‘इन्स्पेक्टर राज’चा बागुलबुवा

येथे ठरावीक आक्षेप निघेल. खेड्यातल्या घरांवर कायदा लादला, तर ग्रामसेवकापासून अभियंत्यापर्यंत सगळ्यांना चरायला कुरण मिळेल, असे सांगितले जाईल. हा आक्षेप निव्वळ ढोंगी नाही. परवान्याच्या नावाखाली गरिबाची झालेली नागवणूक सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच राज्य सरकारने गावठाणातील ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना नगररचना खात्याच्या खेपांतून मोकळे केले, तेव्हा लोकांनी त्याचे स्वागत केले. परंतु परवान्याचा जाच कमी करणे निराळे आणि सुरक्षिततेची जबाबदारी सोडून देणे निराळे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मेली, ती प्रामुख्याने जड छपराच्या दगडमातीच्या घरांखाली. सोलापूरच्या शेजारच्याच मुलखातली ही गोष्ट. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये दहा वर्षेही न झालेली पाच मजली इमारत कोसळून १६ जण दगावले. जुनी घरे अज्ञानाने पडली, नवी लोभाने पडली. दोन्ही वेळा बांधकाम तपासणारा माणूस वेळेवर जाग्यावर नव्हता. वास्तुविशारदांसाठी १९७२ पासून कायदा आहे, त्यांची परिषद आहे. स्थापत्य अभियंत्यांच्या नोंदणीचा तसा कायदा देशात आजही नाही, आणि गवंड्याच्या कौशल्याला तर कोणी कागदाच्या किमतीचेही मानत नाही.

तेव्हा मागणी आणखी एका परवान्याची नाही, हाताशी येणाऱ्या न्यायाची आहे. त्यासाठी आकाशपाताळ एक करण्याचीही गरज नाही. साधने याच राज्यात, याच जिल्ह्यात आहेत. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. ज्याचा मालक रोज बदलतो अशा हमालासाठी मालक, कामगार आणि सरकार यांचे त्रिपक्षीय मंडळ उभारता येते, मजुरी मंडळात भरून घेता येते, हे त्या कायद्याने सिद्ध केले. गवंड्याचाही मालक दर दोन महिन्यांनी बदलतो. मग जे बाजार समितीत शक्य झाले ते बांधकामावर अशक्य का? २००८ च्या ग्रामन्यायालय कायद्याने गावोगाव फिरून, सलोख्याने, किमान वेतनाचे आणि छोटे पैशाचे दावे ऐकणारे न्यायाधिकारी नेमण्याची सोय करून ठेवली आहे. महाराष्ट्रात तालुक्यांच्या मानाने अशी न्यायालये फारच थोडी निघाली. कायदा आहे, इच्छा नाही.

म्हणून मंद्रूपच्या अप्पर तहसील कार्यालयातच बांधकाम तंटा मंडळ बसले पाहिजे. त्यात घरमालकांचा एक, गवंडी-बिगाऱ्यांचा एक आणि सरकारचा एक स्थापत्य अभियंता असावा. ते दर बाजारच्या दिवशी बसावे, जागेवर जाऊन पाया आणि स्लॅब पाहावा, तीस दिवसांत निवाडा द्यावा, आणि तो निवाडा महसुली वसुलीइतकाच बंधनकारक असावा. घरकुलाचा हप्ता अडविणाऱ्या अधिकाऱ्यालाही त्याच मंडळापुढे उभे करता आले पाहिजे. ग्रामपंचायतीने बांधकामाची नोंद घेताना एक पानी करारनामा विनाशुल्क भरून घ्यावा, मराठीत आणि मागणी असेल तेथे कन्नडमध्ये. दर किती, पाया किती खोल, माल कोणाचा, पाणी कोणी मारावयाचे, उचल किती, हप्ते केव्हा, एवढे लिहिले तरी निम्मे तंटे जन्मालाच येणार नाहीत. आणि त्या कागदावर काम करणाऱ्या प्रत्येक स्त्री-पुरुषाचे नाव असावे, म्हणजे कल्याणकारी मंडळाला लागणारा नव्वद दिवसांच्या कामाचा पुरावा मागण्यासाठी त्यांना कोणाच्या दारात तिष्ठावे लागणार नाही. याचा खर्च महामार्ग, वीज प्रकल्प आणि शहरातले टोलेजंग मनोरे यांनी उचलावा; ज्या बांधकामात नफा आहे, त्याने ज्या बांधकामात केवळ निवारा आहे त्याचा भार वाहणे हाच समाजवादी न्याय होय.

हे स्वप्नरंजन आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी याच तालुक्यातील कुंभारीकडे पाहावे. तेथे विडी कामगार स्त्रियांनी सहकारी संस्था काढून दहा हजार घरांची वसाहत उभी केली, २००६ साली तिचे हस्तांतरण झाले. त्यानंतर असंघटित कामगारांच्या तीस हजार घरांची ‘रे नगर’ ही योजना आली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांतील पंधरा हजार घरे कामगारांच्या ताब्यात गेली. ती घरे कोणाच्या कृपेने पडून मिळाली नाहीत. त्यामागे वर्षानुवर्षांचे मोर्चे होते. संघटित झालेल्या विडी कामगार बाईला पंतप्रधानांच्या हस्ते घराची किल्ली मिळते, आणि असंघटित गवंड्याला आपली तीस हजारांची बाकी मागायला जागा मिळत नाही, हा फरक नशिबाचा नाही, संघटनेचा आहे.

गवंडी आणि घरमालक हे एकमेकांचे शत्रू नव्हेत. एकाने घामाचा पैसा लावला, दुसऱ्याने घामच लावला. त्यांना भांडत ठेवण्यात ज्यांचा फायदा आहे ते हप्ता, उपकर आणि नोंदणी यांच्या पडद्याआड सुरक्षित बसले आहेत. हा पडदा ओढायचा असेल, तर मंद्रूपच्या बाजारात ओळंबा आणि थापी घेऊन सकाळी कामाची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या माणसांनी आणि अर्धवट भिंतींचे धनी असलेल्या कुटुंबांनी एकाच मोर्चात अप्पर तहसीलवर गेले पाहिजे. ओळंबा भिंत सरळ आहे की वाकडी हे सांगतो. तो भिंत कोणाची आहे हे विचारीत नाही. राज्यकर्त्यांच्या न्यायालाही तोच नियम लागू करून घ्यावयाचा आहे.